गिअरची सायकल की साधी?

एरवी शाळेत किंवा बाजारात जायला आणि सुट्टीच्या दिवशी दूरवर फेरफटका मारायला एकच सायकल घ्यायची असेल, तर दुकानात गेल्यावर गोंधळ उडतो. साध्या सायकलीशेजारी २१ गिअरची, जाड टायरची, पुढे शॉकअब्सॉर्बर असलेली सायकल उभी असते. जास्त पैसे मोजून नेमके काय मिळते? उत्तरासाठी शाळेतले गणित पुरते.

साध्या सायकलीत पायडलजवळच्या दातेरी चक्राला बहुधा ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतात. म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचे चाक ४४ ÷ १८, सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला, तर सायकल ५.४ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे प्रमाण सोयीचे असते.

आता २० मीटर अंतरात १ मीटर उंची गाठणारा चढ घ्या. पायडलच्या एका फेरीत आपण २७ सेंटिमीटर वर चढतो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम असतील, तर त्यासाठी सुमारे २११ ज्यूल कार्य लागते. पायडलचा मार्ग १.०७ मीटरचा, म्हणून पायाला सरासरी १९७ न्यूटन, म्हणजे २० किलोच्या वजनाएवढे बल लावावे लागते. जोर मुख्यतः पायडल खाली जाताना लागत असल्याने त्या क्षणी बल याहूनही जास्त असते.

गिअर बदलून पुढे ३८ आणि मागे ३४ दाते आले, तर एका फेरीत सायकल २.४६ मीटर जाते आणि सरासरी बल ९० न्यूटनवर येते. मात्र २०० मीटरच्या चढाला ३७ ऐवजी ८१ फेऱ्या लागतात. घर्षण सोडले, तर एकूण कार्य दोन्हीकडे सारखेच, सुमारे ७,८०० ज्यूल. गिअर कष्ट वाचवत नाही. तो त्यांचे पायाला पेलतील असे लहान हप्ते पाडतो.

यावरून निवड सोपी होते. गाव सपाट असेल, तर साधी सायकल स्वस्त आणि दुरुस्तीलाही सोपी. चढउतार असतील, तर पुढे एक आणि मागे सात चक्रे सहसा पुरतात. २१ गिअरमधील कित्येक प्रमाणे जवळजवळ सारखीच असतात. स्वस्त शॉकअब्सॉर्बर वजन वाढवतो आणि उभे राहून पायडल मारताना काही ऊर्जा खातो. डांबरी व कच्च्या रस्त्यांना ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे, कमी खाचांचे टायर चांगले.

वर्गातील मुलांना आपापल्या सायकलीचे दाते मोजायला सांगा. खडूने टायरवर खूण करून एका फेरीतले अंतर मापावे आणि गणिताने आलेल्या उत्तराशी ताडून पाहावे. गुणोत्तराचा धडा पुस्तकाबाहेर येईल आणि पुढची सायकल घेताना घरचे पैसेही योग्य जागी लागतील.