टाकी भरलेली, काटा मात्र खाली! नवीन मीटर बसवण्याआधी एवढं तपासा

गाडीत डिझेल किती आहे हे काटा सांगतो, आणि त्या काट्याच्या भरवशावरच माणूस रात्री-अपरात्री पेशंट घेऊन तालुक्याच्या दवाखान्याकडे निघतो. तो काटाच खोटं बोलत असेल तर? अर्धी टाकी दाखवत असताना गाडी घाटात बंद पडते. डिझेल गाडी असेल तर त्रास दुप्पट. टाकी कोरडी झाली की लाइनमध्ये हवा शिरते, मग कॅनमधून पाच लिटर आणून ओतलं तरी अनेक गाड्यांना आधी हातपंप मारून हवा काढावी लागते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पंप टाकीच्या आतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. तो वारंवार कोरडा चालला की जळतो.

त्यामुळे 'चालतंय तोवर चालवू' हे धोरण इथे परवडत नाही. पण गाडी गॅरेजला नेताच 'मीटर गेलंय, नवीन टाका' असं ऐकून लगेच पैसे मोजायचीही गरज नाही. जुन्या गाड्यांमध्ये दोष बऱ्याचदा पुढच्या मीटरमध्ये नसतोच, तो मागे टाकीत किंवा वायरमध्ये असतो.

काटा हलतो कसा?

टाकीत एक हलका फ्लोट तरंगत असतो, विहिरीत डबा तरंगावा तसा. त्याला तारेचा दांडा जोडलेला असतो. डिझेल-पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली जातो आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा संपर्क एका पट्टीवर सरकतो. संपर्क सरकला की विजेला होणारा विरोध बदलतो आणि त्यावर पुढचा काटा हलतो. या सगळ्या भागाला सेंडर म्हणतात, गॅरेजमध्ये नुसतं 'टाकीचा फ्लोट' म्हटलं तरी कळतं. सेंडरपासून एक वायर मीटरकडे जाते आणि एक अर्थ म्हणून बॉडीला लागते. बिघाड यापैकी कुठेही होऊ शकतो.

काही गोष्टी मात्र बिघाड नसतात. घाट चढताना, वळणावर किंवा गाडी उतारावर उभी असताना काटा थोडा वर-खाली होणारच. टाकीचा आकार सरळ डब्यासारखा नसतो, म्हणून काही गाड्यांत वरची अर्धी टाकी सावकाश संपते आणि खालची भराभर संपल्यासारखी वाटते. यासाठी गाडी खोलायची नाही.

लक्षणावरून अंदाज

काटा ठराविक जागी येऊन उड्या मारत असेल तर सेंडरची पट्टी तिथे झिजलेली असते. प्लॅस्टिकचा फ्लोट चिरून आत पेट्रोल शिरलं तर तो बुडतो आणि फुल टाकीलाही काटा रिकामी दाखवतो. हेडलाइट लावली की काटा बदलतो? मग आधी अर्थ तपासा. टाकीजवळची अर्थ वायर चिखल-पाण्याने गंजलेली असते. नट काढून, पॉलिश पेपर मारून परत घट्ट केला की कित्येकदा काम तिथेच संपतं. जुन्या गाडीत डिझेलचा आणि टेंपरेचरचा असे दोन्ही काटे एकदमच चुकायला लागले, तर टाकीला हात लावण्यात अर्थ नाही; दोष दोघांच्या सामाईक सप्लायमध्ये असण्याची शक्यता जास्त. गाडी महिनाभर शेडमध्ये उभी होती आणि मग काटा मेला, तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही बघा.

मीटर की टाकी? दहा मिनिटांची परीक्षा

आधी फ्यूज पाहून घ्या. मग चावी बंद ठेवून टाकीवरचा सेंडरचा कपलर काढा. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो मागच्या सीटखाली झाकणाच्या आत असतो, काही गाड्यांत मात्र टाकीच उतरवावी लागते. कपलर काढून चावी ऑन केली की काटा एका टोकाला गेला पाहिजे. चावी पुन्हा बंद करून मीटरकडे जाणारी वायर बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला जोडा आणि चावी ऑन करा. आता काटा दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक आहेत. दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. काटा हललाच नाही, तर वायर तुटली आहे किंवा मीटर खराब आहे.

चावी बंद करूनच वायर जोडायची, कारण ठिणगी पडली तर टाकीजवळच्या पेट्रोलच्या वाफेला पेट घ्यायला वेळ लागत नाही. कपलरमध्ये चार-पाच वायर असतील तर त्यात पंपाच्याही असतात, त्यांना हात लावू नका. नव्या, डिजिटल मीटरच्या गाडीत ही परीक्षा करूच नका, तिथे कॉम्प्युटर असतो आणि काम स्कॅनरवाल्याचं. काट्याची वायर कोणती याची खात्री नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, फक्त समोर उभे राहा.

सेंडर बाहेर काढला तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून दांडा हळूहळू वर-खाली करायचा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच गायब झाला किंवा उडाला की पट्टी गेली. नवीन सेंडर घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंधन सांगा. काही गाड्यांत टाकी भरल्यावर विरोध कमी होतो, काहींत वाढतो. चुकीचा सेंडर बसला तर फुल टाकीला काटा रिकामी दाखवेल आणि रिकाम्या टाकीला फुल! बसवताना रबराची रिंगही नवीन टाका, नाहीतर गाडीत पेट्रोलचा वास येत राहतो.

टाकीत किती आहे हे बघायला काडी किंवा लायटर पेटवू नका. पाइप तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवयही वाईट. घोटभर फुप्फुसात गेलं तरी जिवावर बेततं. चुकून गिळलं गेलं तर उलटी करायला लावू नका, सरळ दवाखान्यात न्या.

काटा हलला नाही म्हणून पंपावर भांडण करण्याआधीही गाडी तपासा. मापाचाच संशय असेल तर पंपावर 5 लिटरचं प्रमाणित माप असतं, ते मागून खात्री करता येते.

काम होईपर्यंत हिशेब किलोमीटरवर ठेवा. टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी फुल करताना किती लिटर लागलं ते लिहून ठेवा, ॲव्हरेज कळेल. गाडी लिटरला 15 किलोमीटर देत असेल आणि 10 लिटर टाकलं असेल, तर 150 ची वाट न बघता 120 च्या आतच पुन्हा पंप गाठा.