आवडीचे मोजमाप

ताप तापमापकाने मोजता येतो, धान्य मापाने मोजता येते. परंतु गणित शिकण्याची ओढ मनात वसते. ती मोजावी कशी? परीक्षेतील गुणांवरून, असे कोणी म्हणेल. पण मुलास काय येते, एवढेच गुण सांगतात. त्यास का शिकावेसे वाटते, हे सांगत नाहीत. शिक्षेच्या धाकाने पाढे घोकणारा मुलगा आणि कुतूहलाने उदाहरणाशी झुंजणारी मुलगी यांस सारखेच गुण पडू शकतात.

ओढ मोजण्याचा पहिला मार्ग विचारण्याचा. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये त्याची एक सोपी रीत मांडली. विद्यार्थ्यांपुढे एक विधान ठेवावयाचे आणि ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पाच उत्तरांतून एक निवडावयास सांगावयाचे. उत्तरांना ५ ते १ अंक देऊन बेरीज करावयाची. याच रीतीने एलिझाबेथ फेनेमा व ज्युलिया शर्मन या विदुषींनी १९७६ मध्ये गणिताविषयीच्या मनोवृत्ती मोजणाऱ्या नऊ श्रेणी प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी एक ओढीची आहे. प्रत्येक श्रेणीत १२ विधाने असून त्यांतील निम्मी अनुकूल व निम्मी प्रतिकूल आहेत. ‘न सुटलेले उदाहरण मनात घोळत राहते’ हे विधान अनुकूल म्हणता येईल. ‘कोडी कंटाळवाणी वाटतात’ हे प्रतिकूल. प्रतिकूल विधानांचे अंक उलट क्रमाने देतात. त्यामुळे न वाचताच सर्वत्र ‘सहमत’ लिहिणाऱ्याची बेरीज ६० पैकी ३६ वरच थांबते.

तरीही शिक्षकांस आवडेल तेच उत्तर एखादे मूल लिहील. म्हणून दुसरा मार्ग पाहण्याचा. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस ‘सोमा’ नावाचे सात तुकड्यांचे कोडे दिले होते. मध्येच प्रयोगकर्ता आठ मिनिटे खोलीबाहेर जाई. जवळ वाचावयास नियतकालिकेही असत. त्या मोकळ्या वेळात कोण किती काळ आपण होऊन कोडे सोडवितो, हे गुप्तपणे टिपले जाई. काहींस एका सत्रात सुटलेल्या प्रत्येक आकृतीबद्दल पैसे मिळाले. पुढील सत्रात पैसे बंद होताच त्यांचा कोड्यावरील वेळ घटला. बक्षिसाने ओढ वाढतेच असे नाही, हे यावरून दिसते.

या मोजमापाने कोणास उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण ठरवावयाचे नसते. ओढ कोठे मंदावली हे कळले, तर शिकविण्याची रीत बदलता येते. कोणी पाहत नसताना जो अवघड उदाहरणाची वही पुन्हा उघडतो, त्याच्या ठायी ती ओढ नांदत असते. मग त्याचे गुण आज थोडे का असेनात!