मळमळ, उलटी आणि एकाच गोळीचा भरवसा

दुबई मरीनाच्या कृत्रिम कालव्यात रात्रीच्या भोजनासाठी फिरणाऱ्या नौकांना लाटांचा उपसर्ग फारसा होत नाही. परंतु पाहुण्यांची बोट आखाताच्या उघड्या पाण्यात शिरली, अथवा त्यांची मोटार वाळवंटातील टेकड्यांवर चढउतार करू लागली, की मुंबई-पुण्याच्या मंडळींच्या पिशवीतून ‘उलटीची गोळी’ निघते, आणि ती पुष्कळदा ओन्डान्सेट्रॉनची असते. सर्व वमनांवर एकच गोळी चालते, हा समज येथेच उघडा पडतो.

कर्करोगावरील औषधांनी आतड्यांतील पेशींतून सिरोटोनिन सुटते व मेंदूच्या वमनकेंद्रास चाळवते. तेथे ओन्डान्सेट्रॉनची कामगिरी खरोखर असामान्य आहे. बोट लागते ती मात्र अंतःकर्ण आणि डोळे परस्परविरोधी वर्दी देतात म्हणून, आणि त्या प्रांतात अंमल हिस्टामीन व ॲसिटिलकोलीन यांचा असल्यामुळे ह्या गोळीचा तेथे फारसा उपयोग होत नाही. 1947 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठते म्हणून डायमेनहायड्रिनेट हे हिस्टामीनविरोधी औषध घेणाऱ्या एका स्त्रीच्या ध्यानात आले, की ट्राममध्ये होणारी आपली मळमळ थांबली आहे. पुढे सैनिकांनी भरलेल्या जहाजावर अटलांटिक महासागरात ह्या औषधाची रीतसर परीक्षा झाली. आपल्याकडची ॲव्होमीन ह्याच हिस्टामीनविरोधी वर्गातली.

ओकारी सुरू झाल्यावर गोळी गिळावी, हाही भ्रमच. मळमळ लागताच जठराचे चलन मंदावते, सबब गोळी प्रवासापूर्वीच पोटात गेलेली बरी. हिस्टामीनविरोधी गोळी घेणाऱ्याने दुबईच्या शेख झायेद मार्गावर गाडी चालवू नये, कारण तिने झोप येते.

दुकानात सहज मिळते ते निरुपद्रवी, ही समजूत अधिक घातक आहे. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने विशेषतः तरुणांची मान व जबडा वाकडा होऊ शकतो. तशाच डॉम्पेरिडोनने हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून युरोपीय औषधसंस्थेने मेटोक्लोप्रमाइडला 5 दिवसांची, डॉम्पेरिडोनला सामान्यतः आठवड्याची मर्यादा घातली.

आणि उन्हाळ्यातील उष्माघाताचे वमन निराळेच. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3 उघड्यावर काम करण्यास अमिरातीत मनाई असते, ती विनाकारण नव्हे. तापलेल्या अंगाचा, असंबद्ध बोलणारा मनुष्य ओकू लागला, तर गोळी शोधण्यात वेळ न दवडता त्यास सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि 998 ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.