पावणेतीन मिलिमीटरचा फरक

भारतीय ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ने भागलं की १९.२६ येतात. मॉडेल रेल्वेच्या जगात सर्वाधिक चालणारं ‘एचओ’ हे प्रमाण एकास सत्त्याऐंशी आहे, पण त्याचे बाजारात मिळणारे रूळ असतात १६.५ मिलिमीटरचे, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय-अमेरिकी गेजवरून बेतलेले. म्हणजे इंजिनाला अजून हातही लावलेला नाही आणि पावणेतीन मिलिमीटरची तूट पडली. खारघरच्या फ्लॅटमध्ये बसून कोकण रेल्वेचं डिझेल इंजिन करू पाहणाऱ्याचा पहिला निर्णय या तुटीबद्दलचाच असतो. रूळ आणि सांधे हातानं बनवून १९.२६ गाठायचे, की तयार रुळांवर राहून तूट लपवायची?

बहुतेक जण लपवतात. चाकं आत सरकलेली असली तरी बोगीच्या (इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याच्या) बाहेरच्या चौकटी आणि वरचा सांगाडा आपल्या मूळ रुंदीवरच ठेवता येतात. बाजूनं पाहिलं तर काही कळत नाही. समोरून पाहिलं तर इंजिनानं पाय जवळ घेतल्यासारखे दिसतात, म्हणून छंदी मंडळी फोटो बाजूनं किंवा तिरका काढतात.

गंमत अशी की खारघरहून नेरळला गेलं तर हाच हिशेब उलटा होतो. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीचं गेज ६१० मिलिमीटर, एकास सत्त्याऐंशीत ७. मिळणारे अरुंद रूळ मात्र ९ मिलिमीटरचे. त्यामुळे घाट चढणारं ते छोटं डिझेल इंजिन मॉडेलमध्ये दोन मिलिमीटर जास्त फाकून उभं राहतं.

खुद्द खारघरमध्ये डिझेलचं इंजिन बघायला मिळणं कठीण. स्टेशनातून हार्बरच्या लोकल जातात आणि नोव्हेंबर २०२३पासून बेलापूर-पेंधर मेट्रो वसाहतीतून धावते; दोन्ही विजेवर. कोकणच्या गाड्या दिवा-पनवेल मार्गानं तळोजा, नावडे रोड, कळंबोली करत जातात. इंजिन जवळून बघायचं तर लोकलनं मानसरोवर, खांदेश्वर ओलांडून पनवेल गाठावं लागतं. तिथेही चित्र पालटलं आहे. २० जून २०२२ला कोकण रेल्वेचं पूर्ण विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण झालं. कोकणकन्या आणि मांडवी या गाड्या डिझेलवर धावत होत्या त्या काळात कुणी चार फोटो काढून ठेवले असतील, तर आज ते या कामातला कच्चा माल आहेत.

फोटो म्हणजे इंजिनाचा देखणा चेहरा नव्हे. उपयोगी पडतात ते फोटो कंटाळवाणे असतात: छत वरून, पादचारी पुलावरून काढलेलं, इंधन टाकीची खालची कडा, वाळूच्या पेट्यांची झाकणं, बफरच्या मागचे बोल्ट, केबिनच्या पुढच्या-मागच्या दोन हुडांच्या दारांवरच्या बिजागऱ्या. एकाच वर्गाची दोन इंजिनं सारखी नसतात. ‘डब्ल्यूडीएम-२’ घ्या. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं हे डिझाइन, २६०० अश्वशक्तीचं, सोळा सिलिंडरांचं. वाराणसीच्या कारखान्यातलं पहिलं इंजिन जानेवारी १९६४मध्ये बाहेर पडलं आणि पुढे तिथे अशी अडीच हजारांहून अधिक बनली. अल्को स्वतः १९६९मध्ये बंद पडली, पण तिचं इंजिन भारतात त्यानंतरही दशकानुदशकं बनत राहिलं. एवढ्या काळात खिडक्या बदलल्या, जाळ्या बदलल्या, दिव्यांची जागा बदलली. ‘जंबो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुकडीचं शॉर्ट हूड तर पूर्ण रुंदीचं आणि खिडक्या मोठ्या. त्यामुळे मॉडेलकार ‘एक डब्ल्यूडीएम-२’ करत नाही. तो एक क्रमांक निवडतो, आणि शक्यतो एक वर्षही. पुढच्या वर्षी तेच इंजिन शेडमधून नव्या रंगात बाहेर पडलेलं असू शकतं.

अल्कोचा हा वारसा इथे कामी येतो. डब्ल्यूडीएम-२च्या तीन आसांच्या बोगीत आसांमधली अंतरं सारखी नाहीत; दोन आस जवळ, तिसरा जरा दूर. हा ‘ट्रायमाउंट’ प्रकार अल्कोच्या आरएसडी मालिकेतल्या अमेरिकी इंजिनांनाही होता. अ‍ॅटलास कंपनीनं एचओमध्ये आरएसडी-४/५ आणि आरएसडी-१२ काढली. त्यातलं एखादं जुनं मिळालं तर खालची यंत्रणा जशीच्या तशी घेता येते: मोटर, फ्लायव्हील, दातेरी चाकं, विषम अंतराच्या बोग्या. चाकांचा व्यास मात्र जुळत नाही. अमेरिकी चाक ४० इंचांचं, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण ११.७ मिलिमीटर. आपलं १०९२ मिलिमीटरचं, म्हणजे साडेबारा. हा फरक मिलिमीटरभराचाही नाही आणि चाकाचा वरचा भाग बोगीच्या चौकटीआड जातो. तो सोडून द्यावा. सगळ्याच चुका सुधारायला गेलेलं मॉडेल सहसा पूर्ण होत नाही.

वरचा सांगाडा मात्र नवाच करावा लागतो. अमेरिकी हूड, अमेरिकी केबिन, अमेरिकी छत यांपैकी काहीच चालत नाही. बफरपासून बफरपर्यंत १७.१२ मीटर लांबीचं इंजिन इथे १९७ मिलिमीटरचं होतं. आजकाल थ्रीडी प्रिंटरवर सांगाडा काढून घेता येतो, पण प्रिंटच्या थरांच्या रेषा बारीक पॉलिश पेपरनं पाण्यात घासून काढाव्या लागतात, आणि घासताना बिजागऱ्या पुसल्या जातात. जुनी पद्धत प्लास्टिकच्या पातळ शीटची. पोलादी पट्टी ठेवून कटरनं दोन-तीनदा हलकी रेघ मारायची आणि शीट वाकवून मोडायची. एकाच दाबात कापायला गेलं की कडा फुगते. खिडक्यांसाठी आधी कोपऱ्यांवर भोकं, मग मधला भाग कापायचा. दारांच्या रेषा कोरायच्या, बिजागऱ्या सुईच्या टोकाएवढ्या तुकड्यांनी चिकटवायच्या. हे काम चष्मा कपाळावर सरकवून, श्वास आवरून होतं.

यानंतर हँडरेल. केबिनच्या दाराशेजारच्या उभ्या दांड्या, हुडाच्या कडेनं जाणारा आडवा कठडा. पिनव्हाइसमध्ये ०.४ मिलिमीटरचं ड्रिल धरून हातानंच फिरवायचं. यंत्रानं फिरवलं तर प्लास्टिक वितळतं. सगळी भोकं एका रेषेत हवीत. डोळ्याला रंगातली चूक उशिरा दिसते, वाकडा कठडा ताबडतोब. फेव्हीक्विकचा ठिपका सुईच्या टोकानं, तोही आतून. खिडक्यांच्या काचांजवळ तर ते वापरूच नये; त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धूळ धरते. काचा फेव्हिकॉलनं बसवाव्यात, वाळल्यावर तो दिसत नाही.

रंगकामाचं वेळापत्रक खारघरचं हवामान ठरवतं. पांडवकड्याच्या डोंगराखाली पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की एअरब्रशमधून उडालेल्या लॅकरवर वाळता वाळता दुधी साय चढते. म्हणून जून ते सप्टेंबर कापणं-घासणं आणि दिवाळीनंतर रंग, हा क्रम शहाणपणाचा. रंगाच्या डबीवर ‘भारतीय रेल्वे निळा’ असं काही लिहिलेलं नसतं. शिवाय खरा रंग जसाच्या तसा लावला तर मॉडेल गडद दिसतं, कारण वीतभर वस्तूवर तेवढा उजेड खेळत नाही. थोडा पांढरा मिसळून रंग फिकट करावा लागतो, आणि किती, हे नजरच सांगते.

अक्षरं हा इथला सर्वांत चिकट टप्पा, दोन्ही अर्थांनी. परदेशी इंजिनांची अक्षरं तयार मिळतात. ‘कल्याण’ किंवा ‘मध्य रेल्वे’ आपल्याला छापून घ्यावं लागतं. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. गडद निळ्यावर पांढरं किंवा पिवळं अक्षर हवं असेल, तर पांढऱ्या कागदाच्या डेकलवर (चिकटवायच्या छापावर) आजूबाजूचा निळाच छापून मधलं अक्षर कोरं सोडायचं किंवा पिवळं छापायचं, आणि तो निळा एअरब्रशच्या निळ्याशी जुळवायचा. खऱ्या इंजिनावरचं वीतभर अक्षर मॉडेलवर जेमतेम अडीच मिलिमीटरचं होतं. एवढ्यात रोमन अक्षर टिकतं. ‘ल्या’मधलं जोडाक्षर मात्र शिरोरेषेखाली मिटायला लागतं. जाड फॉन्टपेक्षा किंचित पातळ फॉन्ट घेतला, तर ते सुटं राहतं.

दिव्यांसाठी १ मिलिमीटर बाय अर्धा मिलिमीटरच्या एलईडी मिळतात. जुन्या इंजिनाला पिवळसर उजेडाच्याच हव्यात. निळसर पांढऱ्या लावल्या की डब्ल्यूडीएम-२ला मोबाइलचा टॉर्च लावल्यासारखं वाटतं. केबिनच्या छतावरचा पिवळा फ्लॅशर विसरू नये. शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीला धोक्याची सूचना देणारा हा दिवा भारतीय इंजिनाची ओळखच आहे. आवाजासाठी डीकोडर बसवतात. तिथेही अल्कोचं नातं उपयोगी पडतं. अमेरिकी डीकोडरमधला ‘२५१’ इंजिनाचा धडधडाट आपलाच आहे, कारण इंजिन तेच. भोंगा मात्र तिकडचा, आणि त्यात घंटाही असते. घंटा बंद करायची, भोंगा आपल्याकडचा ध्वनिमुद्रित करून भरायचा. ‘डब्ल्यूडीपी-४डी’ या दुसऱ्या वर्गाच्या डिझेल इंजिनासाठी हे चालत नाही. त्याचं ईएमडी ७१० हे दोन स्ट्रोकचं इंजिन. त्याचा सूर वेगळा.

डब्यांची कथा थोडक्यात. १९५५मध्ये पेरांबूरला सुरू झालेल्या कारखान्याचा जुना आयसीएफ डबा मॉडेलमध्ये २४५ मिलिमीटरचा, आताचा एलएचबी २७०चा. रुंदीत युरोपीय डब्याचं मॉडेल जवळजवळ पाच मिलिमीटर कमी पडतं, त्यामुळे तयार डबा रंगवून भारतीय म्हणून खपवणं जाणकाराला पटत नाही. आणि २७० मिलिमीटरचा डबा अरुंद वळणावर इतका बाहेर झुकतो की शेजारच्या रुळावरची गाडी घासते. वन बीएचकेमध्ये एलएचबीचा रेक चालवायचा हट्ट पलंग उभा करूनच पुरा होतो.

सुबक मॉडेल आणि चालणारं मॉडेल यांतला झगडा पाहायचा असेल तर पुण्यात कोथरूडला कर्वे रस्त्यावरचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघावं. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ला खुलं झालं. तिथली छोटी नगरी आणि तिच्यातून फिरणाऱ्या गाड्या प्रेक्षकांसमोर खेळामागून खेळ धावतात. असं सतत धावणाऱ्या इंजिनावर पितळी तारेचे नाजूक कठडे टिकत नाहीत; एकदा हात लागला की वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. घरच्या कपाटातल्या मॉडेलला पितळ चालतं, त्याला डाग देणंही सोपं. रोज रुळावर उतरणाऱ्याला फॉस्फर ब्राँझची तार घ्यावी. ती वाकते आणि आपणहून परत येते. तिच्यावर रंग नीट धरत नाही, म्हणून आधी प्रायमर.