पेशीच्या वार्धक्याचा मागोवा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जीवशास्त्रज्ञांची अशी दृढ समजूत होती की वार्धक्य शरीराला येते, पेशीला नव्हे; अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२मध्ये सुरू केलेले कोंबडीच्या भ्रूणहृदयाचे पेशीसंवर्धन तीस वर्षांहून अधिक काळ चालले, आणि काचपात्रातली पेशी मूलतः अमर असते, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला. १९५१मध्ये बाल्टिमोरच्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या ‘हेला’ या कर्कपेशी अखंड विभागत राहिल्याने ही समजूत आणखी बळावली. पुण्यात १९१७मध्ये जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी गाय यांच्याकडेच ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पोषक द्रवात पेशी जगवण्याचे, तंत्र आत्मसात केले आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्यांचा विषय कर्करोग होता. परंतु पेशीचे वय अभ्यासायचे तर ती आधी वाढवता यावी लागते, आणि ही विद्या महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय निःसंशय त्यांचे आहे.

कॅरेल यांचा निष्कर्ष १९६१मध्ये कोसळला. फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले की मानवी संयोजी ऊतींतील निरोगी पेशी सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग, जिवंत असूनही, कायमच्या थांबतात. याचे एक मोठे कारण गुणसूत्रांच्या टोकांत, म्हणजे टेलोमियरमध्ये, सापडले: ही टोके दर विभाजनागणिक आखूड होतात, आणि कर्कपेशी बहुधा टेलोमरेज या विकराच्या साहाय्याने ती पुन्हा लांबवतात.

अकाली वार्धक्याचा धागा याहून जुना आहे. जोनाथन हचिन्सन यांनी १८८६मध्ये आणि हेस्टिंग्ज गिलफर्ड यांनी १८९७मध्ये वर्णिलेला प्रोजेरिया हा विकार सुमारे चाळीस लाख जन्मांत एकदा आढळतो, आणि उपचारांविना अशी मुले सरासरी साडेचौदा वर्षांच्या सुमारास दगावतात. २००३मध्ये त्याचे मूळ लॅमिन ए या प्रथिनाच्या जनुकात सापडले. हे प्रथिन पेशीकेंद्रकाच्या आवरणाला आतून आधार देते. जनुकातले एकच अक्षर बदलते, त्याने खरे तर प्रथिनातला घटक बदलत नाही. पण संदेशाची काटछाट चुकीच्या जागी होते, पन्नास अमिनो आम्ले गळतात, आणि उरलेले ‘प्रोजेरिन’ आपले मेदशेपूट, म्हणजे प्रथिनाला जोडलेला आणि एरवी तुटून जाणारा मेदाचा तुकडा, न तुटल्याने आवरणातच अडकून केंद्रकाचा आकार बिघडवते.

हा शोध लागण्यापूर्वीच मुंबई विद्यापीठात शिकलेल्या वीणा पारनाईक हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात लॅमिनचा अभ्यास करत होत्या. केंद्रकाच्या आतील लॅमिनचे ठिपके संदेशाची काटछाट करणाऱ्या घटकांच्या सान्निध्यात असतात, हे त्यांच्या गटाने १९९९मध्ये नोंदवले, आणि रोगकारक लॅमिनांमुळे डीएनएच्या दुरुस्तीची केंद्रे नीट तयार होत नाहीत, हे २००६मध्ये. त्याच वर्षी पाओला स्काफिडी आणि टॉम मिस्टेली यांना निरोगी वृद्धांच्या पेशींतही प्रोजेरिनच्या निर्मितीच्या खुणा आढळल्या.

तथापि प्रोजेरियाला ‘वेगाने आलेले म्हातारपण’ म्हणणे पूर्णतः योग्य नाही. या मुलांच्या धमन्या वृद्धांसारख्या कठीण होतात आणि मृत्यू बहुधा हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने येतो. परंतु त्यांची बुद्धी शाबूत असते, स्मृतिभ्रंश होत नाही. २००९च्या ‘पा’ या हिंदी चित्रपटाने हा विकार घरोघरी पोहोचवला, तरी हा भेद सामान्यांच्या ध्यानी फारसा आला नाही.

२०२०मध्ये अमेरिकेत लोनाफार्निब या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली; ते मेदशेपूट जोडणाऱ्या विकराला रोखते आणि आयुष्य वाढवते, विकार मात्र बरा करत नाही. निदान वेळेत होणे त्यामुळे आता अधिक मोलाचे झाले आहे. जन्मतः मूल निरोगी दिसते. पहिल्या एक-दोन वर्षांत वाढ खुंटते, केस गळतात, त्वचा ताठरते, आणि मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी ही लक्षणे कुपोषणाची समजली जाण्याचा धोका असतो, तर नेमके निदान जनुकीय चाचणीनेच होते.