रॉक ऑन, मामा!

कोल्हापूर आणि रॉक हे दोन शब्द एका वाक्यात आले की माझे पुण्या-मुंबईचे दोस्त खो खो हसतात. ‘तुमच्याकडे काय यार, तांबडा-पांढरा, कुस्ती आणि पोवाडा!’ हसू देत. त्यांनी माझ्या मोठ्या मामांना पाहिलेलं नाही. वय सत्तरीच्या पुढे, शिवाजी उद्यमनगरात छोटी फौंड्री, खिशाला कायम दोन पेनं. पण मूड लागला की जेवणाच्या टेबलावर बोटांनी जो ठेका धरतात, तो लावणीचा नक्कीच नसतो.

मामा सत्तरच्या दशकात व्हीजेटीआयला शिकायला मुंबईत होते. माटुंग्याच्या त्या कॉलेजपासून षण्मुखानंद हॉल चालत जाण्याच्या अंतरावर. घरच्यांना वाटायचं पोरगं अभ्यास करतंय. पोरगं रात्री भलत्याच क्लासला बसलेलं असायचं! १९७५ मध्ये एका कॉलेजच्या फेस्टिव्हलला त्यांनी एक बँड ऐकला. होस्टेलच्या मित्राचा भाऊ आखातात होता, त्याने आणलेला कॅसेट रेकॉर्डर मामांनी मांडीवर ठेवला आणि बटण दाबलं. साठ मिनिटांची कॅसेट, वर बॉलपेनने फक्त तारीख. बँडचं नाव लिहिलेलं नाही. ‘नाव कशाला लिहायचं? विसरणार होतो काय मी?’ हे मामांचं लॉजिक.

ते नाव त्यांनी आम्हा भाचरांना शेकडो वेळा सांगितलंय. ॲटॉमिक फॉरेस्ट.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि शाहूपुरीतल्या मामांच्या घराचा तळमजला पाण्यात गेला. फ्रिज गेला, आल्बम गेले, कॅसेट्सचा ट्रंक गेला. चिखल उपसताना मामींनी हाताला लागतील तेवढ्या कॅसेट्स धुऊन, वाळवून एका पिशवीत भरल्या आणि माळ्यावर टाकल्या. मामा त्या विषयावर परत बोलले नाहीत. फौंड्रीतल्या मशिन्सच्या नुकसानीबद्दल मात्र तासभर बोलायचे. यंदा पावसाळ्याआधी माळा आवरताना ती पिशवी माझ्या हातात आली. बॉलपेनची तारीख पुसट झालेली, पण वाचता येत होती.

मग मी जर्नालिस्टगिरी सुरू केली. हा ॲटॉमिक फॉरेस्ट खरंच होता, की मामांच्या तारुण्याचा एक इफेक्ट?

होता. आणि स्टोरी जाम भारी निघाली. मुंबईचा बँड. बेस गिटार आणि म्होरकेपण कीथ कांगाचं, गायला मधुकर चंद्र धस. ऑब्सेशन ७७ ही त्यांची एकुलती एक एलपी, ती म्युझिक इंडियाने काढली १९८१ मध्ये. तोवर बँड कधीच फुटला होता! म्हणजे लग्नाचा अल्बम घटस्फोटानंतर हातात पडावा तसं. त्यात त्यांची स्वतःची ‘ऑब्सेशन’ ट्यून आहे, बाकी बरीचशी दुसऱ्यांची गाणी. जिमी हेंड्रिक्सचं ‘फॉक्सी लेडी’, डीप पर्पलचं ‘मेरी लाँग’. ही रेकॉर्ड त्या काळी फार कुणी घेतली नाही. पुढे मात्र जगभरचे कलेक्टर तिच्या मागे लागले. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या लेबलने ‘ऑब्सेशन’ नावाने ते सगळं, आधी कधीच बाहेर न आलेल्या रेकॉर्डिंगसकट, पुन्हा काढलं. आपल्या मुंबईतला बँड, आणि त्याची दुर्मीळ गाणी गोळा केली कुणी? कॅलिफोर्नियातल्या माणसांनी. मला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.

प्रोग्रेसिव्ह रॉकची पुस्तकी व्याख्या लावली तर ॲटॉमिक फॉरेस्ट त्यात नीट बसत नाही, हे कबूल करते. प्रोग म्हणजे लांबलचक रचना, मध्येच बदलणारे ताल. जेथ्रो टलचं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ ऐका, १९६९ चं हिट सिंगल आणि चक्क पाच मात्रांचं! झपताल शिकलेल्या माणसाला ते पहिल्या फटक्यात कळतं. ॲटॉमिक फॉरेस्टमध्ये त्याच्या जोडीला सायकेडेलिक आहे, फंक आहे, नाचायला लावणारा बीटही आहे. नावाची लेबलं दुकानदारांना लागतात, आपल्याला काय!

खरा फरक दुसराच आहे. तिकडच्या बँड्सकडे एलपीत न बसलेली गाणी चिकार असायची. छोट्या सिंगल रेकॉर्ड्स यायच्या, त्यांच्या मागच्या बाजूला आणखी एक गाणं. मग कंपनी ते सगळं गोळा करून अल्बम काढायची. पिंक फ्लॉईडचा ‘रेलिक्स’ १९७१ चा, जेथ्रो टलचा ‘लिव्हिंग इन द पास्ट’ १९७२ चा. टलचा तर डबल अल्बम, पुठ्ठ्याच्या जाड बाइंडिंगचा, आत फोटोंचं पुस्तक. बँड ऐन भरात असतानाच त्याचं कपाट कुणीतरी आवरून ठेवत होतं. आपल्याकडे रॉक बँडला रेकॉर्ड कंपनी दारात उभं करत नव्हती. बाहेरची गिटार परवडत नव्हती आणि ॲम्प्लिफायर कुठल्यातरी गल्लीत बनवून घ्यायचा. त्यांच्यामागे उभी राहिली ती चक्क सिगारेट कंपनी! सिमला बीट नावाची अखिल भारतीय स्पर्धा भरायची आणि तिच्या १९७० आणि १९७१ च्या दोन एलपी निघाल्या. शिलाँगपासून मद्रासपर्यंतचे बँड, वाट्याला एखाद-दुसरं गाणं. त्यातल्या अनेकांचा उरलेला आवाज तेवढाच.

मराठी माणसाने इथे कॉलर ताठ करावी असं एक नाव आहे, नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचा हा मुलगा व्हेल्व्हेट फॉग बँडमध्ये गायचा. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ केलं, त्यात जीझस होता आपला ॲटॉमिक फॉरेस्टवाला मधुकर धस आणि ज्यूडस होता नंदू भेंडे. चारच वर्षांनी, १९७८ मध्ये, तोच नंदू जब्बार पटेलांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त होता, मराठी रंगमंचावर रॉकचा आवाज घेऊन. २०१४ मध्ये ते गेले. त्यांच्या बँडच्या दिवसांतलं जे काय सापडेल ते एका जागी आणणारा एखादा छानसा अल्बम निघावा, असं मला मनापासून वाटतं. हे काम तरी अमेरिकेवर सोडू नये!

आणि हे एकट्या आपल्याच मंडळींचं झालं असंही नाही. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, कुलाब्याच्या स्लिप डिस्कमध्ये इथल्या पोरांबरोबर वाजवलं आणि मुंबईच्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे ऐकायला मिळाली थेट २०१५ मध्ये, ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत. जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडची ही गत, तर एका फेस्टिव्हलच्या कॅसेटची काय कथा?

मामांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते फौंड्रीतच होते. त्यांनी मला भिंतीला लावून ठेवलेले लाकडी पॅटर्न दाखवले. ‘हे बघ बाळ, वाळूचा साचा दर वेळी मोडतो. मोडू दे की. पॅटर्न शाबूत असला की उद्या परत कास्टिंग निघतंय. पॅटर्नला वाळवी लागली की मग बस बोंबलत.’ आणि मग हळूच, ‘ती पिशवी कुठाय?’

बिंदू चौकाच्या मागे एक रेडिओ मेकॅनिक काका आहेत. त्यांनी कॅसेटचे पाच स्क्रू काढले, टेप डिस्टिल्ड वॉटरने धुतली, सावलीत वाळवली आणि दुसऱ्या कॅसेटच्या कव्हरात बसवली. जेवढी सुटली तेवढी वाजवली. अकरा मिनिटं. आधी खरखर, मग टाळ्या, कुणीतरी इंग्रजीत काहीतरी अनाउन्स करतंय आणि नेमकं नावावर आवाज बुडतो. (हो, नेमकं नावावर!) मग बेस, मग गिटार.

‘फॉक्सी लेडी’.

मी दुकानातच ओरडले. घरी येऊन फोनवर ‘ऑब्सेशन’मधलं ‘फॉक्सी लेडी’ लावलं, कॅसेट रेकॉर्डरवर आमची टेप, दोन्ही आळीपाळीने ऐकलं. दहा वेळा तरी. खरं सांगू? काहीच सिद्ध होत नाही. त्या काळात हेंड्रिक्स न वाजवणारा बँड शोधावा लागेल. टेपवरचा गायक माइकपासून लांब आहे, ड्रम्स म्हणजे नुसता धबधबा. तो मधुकर धस असेल, नसेलही.

मामांनी हेडफोन लावून एलपीतलं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. ‘बरं आहे,’ म्हणाले. मग आपली अकरा मिनिटं ऐकली. डोळे मिटलेले, बोटं टेबलावर. हेडफोन काढून म्हणाले, ‘त्या रात्री लई वेळ वाजवलं होतं गं त्यांनी. एवढंसं नव्हतं ते.’

टेपचा पुढचा भाग अजून चिकटलेलाच आहे. मेकॅनिक काका म्हणतात, ओल्या हवेत जोर लावला तर तुटेल, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बघू. तोवर त्या अकरा मिनिटांच्या तीन कॉप्या केल्यात. एक माझ्याकडे, एक पुण्याला मावसभावाकडे. तिसरी मामांनी फौंड्रीच्या ऑफिसात ठेवलीय, सगळ्यात वरच्या फळीवर.