लहान मुक्तस्रोत लायब्ररींसाठी परवान्याची निवड : स्वरूप व निकष

प्रस्तावना

संगणकीय आज्ञावली तयार करताना प्रत्येक भाग नव्याने लिहिला जात नाही. तारखांचे रूपांतर, शब्दांची वर्णानुक्रमे मांडणी अशा कामांसाठी इतरांनी लिहिलेले पुनर्वापरयोग्य कोड घेतले जाते. अशा कोडच्या संचास लायब्ररी म्हणतात. महाविद्यालयीन अध्यापकही अशा लहान लायब्ररी इंटरनेटवर उपलब्ध करून देतात. परंतु सोबत परवाना जोडण्याचे अनेकदा राहून जाते. परवान्याच्या निवडीचे निकष स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार संगणकीय आज्ञावलीचा समावेश वाङ्मयीन कृतींत होतो. हा हक्क निर्मितीबरोबरच उत्पन्न होतो. त्यासाठी नोंदणी आवश्यक नाही. त्यामुळे परवान्याविना प्रसिद्ध केलेले कोड सर्वांना वाचता आले, तरी कायद्यातील मर्यादित अपवाद वगळता त्याची नक्कल, बदल वा वितरण करण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. देणाऱ्याचा हेतू उदार असूनही त्याचे मौन घेणाऱ्यास मनाईच ठरते.

याच अधिनियमाच्या कलम १७ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा प्रथम स्वामी नियोक्ता असतो. म्हणून परवाना देण्यापूर्वी तो देण्याचा अधिकार आपणास आहे काय, हे अध्यापकाने संस्थेकडून निश्चित करून घेणे इष्ट होय.

परवान्यांचे प्रमुख प्रकार

१) उदार परवाने : एमआयटी परवान्यात मूळ हक्कसूचना व परवान्याचा मजकूर कायम ठेवणे एवढीच अट असते, कोडची कोणतीही हमी दिली जात नाही. २००४ च्या अपाची २.० परवान्यात याखेरीज योगदानकर्त्यांच्या संबंधित पेटंटांच्या वापराची स्पष्ट अनुमती असते.

२) मर्यादित कॉपीलेफ्ट : एलजीपीएलनुसार लायब्ररीत बदल करून ती वितरित केल्यास ते बदल खुले करावे लागतात, मात्र तिचा वापर करणाऱ्या आज्ञावलीचा परवाना, काही अटींवर, वेगळा असू शकतो.

३) पूर्ण कॉपीलेफ्ट : जीपीएलखालील लायब्ररी जोडून तयार झालेली आज्ञावली वितरित करताना तिचे संपूर्ण स्रोत कोड त्याच अटींवर द्यावे लागते.

दोन उदाहरणे

रीडलाइन ही जीपीएलखालील लायब्ररी होय. तिचा उपयोग करता यावा म्हणून क्लिस्प या आज्ञावलीने १९९० च्या दशकाच्या आरंभी जीपीएल स्वीकारले. येथे लायब्ररीची उपयुक्तता इतकी होती की अट मान्य करणे वापरकर्त्यास परवडले. याउलट ऑग व्हॉर्बिस या ध्वनिस्वरूपाच्या लायब्ररींचा परवाना २००१ मध्ये एलजीपीएलऐवजी बीएसडी करण्यात आला. पेटंटबद्ध एमपी३ शी स्पर्धा करताना प्रसार हेच उद्दिष्ट होते. कॉपीलेफ्टचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनीही या बदलास पाठिंबा दिला. अट घालण्याचे बळ लायब्ररीच्या दुर्मिळतेतून येते, असे यावरून दिसते.

निवडीचे निकष

लहान लायब्ररीत हे बळ क्वचितच असते. पन्नास ओळींचे कोड कोणीही पुन्हा लिहू शकतो. त्यावरील कडक अट पाळली जाण्याऐवजी टाळली जाते. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेही सुमारे ३०० ओळींपेक्षा लहान आज्ञावलींसाठी कॉपीलेफ्टचा आग्रह न धरता अपाची २.० सुचविला आहे.

दुसरा निकष सुसंगतीचा. फाउंडेशनच्या मते अपाची २.० खालील कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळते, दुसरीशी नाही; एमआयटी परवाना दोहोंशी जुळतो.

तिसरे असे की, ‘केवळ शैक्षणिक वापरासाठी’ अशी स्वरचित अट घालण्याचा मोह टाळावा. ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या व्याख्येनुसार वापराच्या क्षेत्रावर बंधन घालणारा परवाना मुक्तस्रोत ठरत नाही. शिवाय शुल्क आकारणारी शिकवणी वा उद्योगपुरस्कृत संशोधन ‘शैक्षणिक’ की नाही, हा वाद उरतोच.

निष्कर्ष

सर्वसाधारण लहान लायब्ररीस एमआयटी, पेटंटचा प्रश्न संभवत असल्यास अपाची २.०, आणि लायब्ररीतील सुधारणा खुल्या राहाव्यात अशी इच्छा असल्यास एलजीपीएल योग्य ठरतो. अनेकांचे योगदान मिसळल्यानंतर परवाना बदलण्यासाठी बहुधा प्रत्येक हक्कधारकाची संमती लागते. पूर्वी वितरित झालेल्या प्रतींवर जुन्या अटीच लागू राहतात. यास्तव परवान्याची निवड पहिल्या प्रसिद्धीपूर्वीच करून त्याचा पूर्ण मजकूर कोडसोबत ठेवणे आवश्यक आहे.